नळराजाचा बेहडा

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शिंदे सरकारांचे वैभव, तानसेनाची समाधी आणि खडकावर पसरलेला तो लांबलचक किल्ला उभा राहतो. त्याच ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, शिवपुरी जिल्ह्यात, सिंध नदीच्या काठी नरवर नावाचे जुने गाव आहे. महाभारतातील नळराजाची राजधानी हीच, असे तेथील परंपरा सांगते. परंपरेचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आम्हास आज त्या राजाची आठवण होते ती एका वेगळ्याच कारणासाठी. उद्या काय होईल, हे माणसाने कसे व कितपत सांगावे, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर नळाच्या कथेत दडलेले आहे. आणि हा प्रश्न शेतावर, नदीकाठी व संसारात आपणां सर्वांस रोज पडतो.

नळाने द्यूतात राज्य गमावले, दमयंतीची ताटातूट झाली व तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावाने सारथी होऊन राहिला, हे वाचकांस ठाऊकच आहे. पुढे ऋतुपर्णास घेऊन तो विदर्भाकडे रथ दौडवीत निघाला असता वाटेत बेहड्याचे एक झाड लागले. राजाने झाडाकडे दृष्टी टाकली व पाने किती, फळे किती, ते सांगून टाकले. दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत म्हणाला. बाहुकाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबविला, झाड तोडले व फळे मोजली, तो आकडा तंतोतंत जुळला. मग राजाने सांगितले की, आपणास फाशांचे मर्म व गणनेची विद्या अवगत आहे. नळाने आपली अश्वविद्या देऊन ती विद्या घेतली आणि तिच्या बळावर गेलेले राज्य परत मिळविले.

ही कथा रचणाराने एक गोष्ट अचूक हेरली होती. झाडावरील फळांचा अंदाज आणि फाशांचे दान या दोन गोष्टी वरवर अगदी निराळ्या दिसतात. पण त्यांच्या मुळाशी एकच विद्या आहे. थोडे पाहून पुष्कळाविषयी बोलावयाचे, ही ती विद्या. तिलाच आज संख्याशास्त्र म्हणतात, आणि अनिश्चित गोष्टीचे वजन आकड्यात मांडणे म्हणजे संभाव्यता.

दोन फांद्यांवरून झाड ओळखावयाचे, तर त्या फांद्या साऱ्या झाडाच्या प्रतिनिधी असल्या पाहिजेत. उन्हाकडची लगडलेली फांदी निवडली तर अंदाज फुगेल, सावलीतली निवडली तर आटेल. मग निवड कोणी करावी? शास्त्राचे उत्तर असे की, ती कोणीच करू नये. चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे कोणाच्या आवडीनिवडीस वाव उरत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे या विषयातील जगन्मान्य पंडित होऊन गेले. देशातील पिकांचे उत्पन्न मोजण्यासाठी चिठ्ठीपद्धतीने शेते निवडावीत, त्यात ठराविक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापावे व तोलावे, ही रीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. पुढे १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोम येथे गेले.

ही केवळ विद्वानांची गोष्ट नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गावाला भरपाई मिळावी की नाही, हे ठरविताना अशाच पीककापणी प्रयोगांचा आधार घेतात. अलीकडे उपग्रहाच्या चित्रांचीही त्यास जोड मिळाली आहे. तलाठी किंवा कृषी सहायक बांधावर येऊन दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकडा आखतो, तेव्हा पुष्कळांस वाटते की, "एवढ्याशा तुकड्यावरून साऱ्या गावाचा न्याय कसा होणार?" तुकडा खरोखर चिठ्ठीने निवडलेला असेल, तर न्याय बव्हंशी नीट होतो. पण कोणी ओळखीने चांगले किंवा वाईट शेत पुढे केले, तर सारा हिशेब नासतो. म्हणून शेतकऱ्याने तुकडा लहान म्हणून भांडू नये. तो कसा निवडला, हे मात्र अवश्य विचारावे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत स्नानसंस्काराची, विवाहाची व दफनाची वही असते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने त्यांपैकी स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदींचा दंडक घातला. त्या वह्या ठेवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते की, अशाच नोंदींतून एक नवे शास्त्र जन्मास येईल. १६६२ साली लंडनमधील जॉन ग्रँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने तेथील धर्मग्रामांतून निघणाऱ्या जन्ममृत्यूच्या याद्या एकत्र करून अभ्यासिल्या. जन्मलेल्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले सहावे वर्ष लागण्यापूर्वीच दगावतात, असा अंदाज त्याने मांडला. एकेका आईचे दुःख वहीत सुटे सुटे पडले होते. त्यांची बेरीज झाली, तेव्हा ते साऱ्या नगराचे दुःख म्हणून दिसू लागले.

अशाच नोंदींतून आणखी एक नवल उघड झाले. पॅरिस शहरात १७४५ पासून १७७० पर्यंत २,५१,५२७ मुलगे व २,४१,९४५ मुली जन्मल्या. हे आकडे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने अभ्यासिले. म्हणजे दर १०० मुलींमागे सुमारे १०४ मुलगे. एका घरात पाहिले तर मुलगे किती, मुली किती, याला काही धरबंध नाही. दहा जन्मांत सात मुली होणे मुळीच विरळ नव्हे. पण दहा हजार जन्मांत सात हजार मुली कोठे झाल्याचे कोणी ऐकणार नाही. लहान संख्या लहरी असते, मोठी संख्या शिस्तीने चालते. संख्याशास्त्राचा पायाच हा.

परंतु येथेच एक फसवी वाट फुटते. मोठ्या संख्येत मुलगे व मुली जवळजवळ सारखे असतात, एवढ्यावरून पुष्कळ घरांत असे बोलतात की, "चार मुली झाल्या, आता पाचवा मुलगाच." हा हिशेब अगदी चुकीचा आहे. चार मुलांच्या १६० घरांत सर्वच मुली असलेली घरे दहाच्या आसपास केवळ योगायोगानेच निघावयाची. त्या घरी पाचव्या खेपेस मुलगा होण्याची शक्यता इतर कोणाही घराइतकीच, म्हणजे शंभरांत एक्कावन्न एवढीच असते. मागे काय झाले याची वही निसर्ग ठेवीत नाही. फासाही ठेवीत नाही. "इतक्या वेळा हरलो, आता जिंकणारच" असे म्हणत मटक्याच्या नादी लागलेला माणूस त्याच भ्रमाने घर बुडवितो. दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावावा आणि लागल्यास नऊच रुपये मिळावेत, असा सौदा असला, तर एखाद्या दिवशी कोणी जिंकेलही. पण वर्षभर खेळणाऱ्या गावाचे रुपयामागे दहा पैसे सुटत जातात, ते कायमचेच. नळाने राज्य गमावले ते फासे खोडसाळ होते म्हणून, असे कथा सांगते. पण फासे सरळ असले तरी असल्या सौद्यात धंदा चालविणाराच अखेर जिंकतो.

आता पावसाकडे वळू. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या मानावरून १८८६ पासून मोसमी पावसाचे भाकीत करण्यास आरंभ केला. पुढे १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती. त्यांनी जगभरच्या नोंदी जुळवून दाखविले की, दूर प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध आहे. १९८८ साली पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांवर आधारलेली पद्धत पुढे आणली. वर्षामागून वर्षे भाकीत बरोबर येत गेले व साऱ्या देशात त्याचा गौरव झाला. मग २००२ साल उजाडले. भाकीत होते सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे. पडला ८१ टक्के. जुलैचा पाऊस तर निम्म्याहून कमी झाला.

यावर "शास्त्रज्ञांस काही कळत नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यातून शिकण्याजोगे निराळेच आहे. १९८९ पासून २००१ पर्यंतची सलग १३ वर्षे देशाचा पाऊस सामान्य गटातच मोडला. म्हणजे एखाद्याने काहीही गणित न करता दर वर्षी "यंदा पाऊस सामान्य" एवढेच म्हटले असते, तरी तोही तेरा वेळा खरा ठरला असता! डॉ. गोवारीकरांच्या परिश्रमांस यामुळे उणेपणा येत नाही. परंतु कोणत्याही भविष्याची पारख करताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे: डोळे मिटून नेहमीचेच उत्तर देणाऱ्यापेक्षा हा किती अधिक खरा ठरतो? ज्योतिषी असो, बियाणांचा व्यापारी असो वा निवडणुकीचे अंदाज सांगणारा असो, कसोटी हीच लावावी. ज्याने बरोबर आलेले तेवढेच लक्षात ठेवावयास सांगितले, त्याचे काहीच लक्षात ठेवू नये.

अलीकडे हवामान खाते एकच आकडा सांगून थांबत नाही, ही सुधारणा आम्हास मोलाची वाटते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने १०५ टक्के पावसाचे भाकीत केले, त्यात पाच टक्के अधिक-उणे धरावे असे सांगितले, आणि पाच गटांच्या शक्यताही दिल्या: ९० टक्क्यांहून कमी पावसाची शक्यता शंभरांत २, त्याच्या वरच्या गटाची ९, सामान्य पावसाची ३०, सामान्याहून अधिकाची ३३ आणि अतिरिक्ताची २६. प्रत्यक्षात पाऊस १०८ टक्के झाला. येथे दुष्काळाच्या वाट्यास दोन गुण ठेवले होते, शून्य नव्हे. प्रामाणिक अंदाजाची खूण हीच की, त्यात आपल्या अज्ञानाचेही माप दिलेले असते.

तथापि देशाची सरासरी म्हणजे माझे शेत नव्हे. २०२१ साली देशाचा पाऊस सरासरीच्या ९९ टक्के झाला. कागदावर याहून सामान्य वर्ष ते कोणते? पण त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या आरंभी शिवपुरी, श्योपूर, दतिया, ग्वाल्हेर, भिंड व मुरैना या टापूत आभाळ फाटले. नळाच्या नरवरजवळून वाहणाऱ्या त्याच सिंध नदीस महापूर आला, आणि ३ ऑगस्ट रोजी दतिया जिल्ह्यात रतनगड येथील पुलासह एकाहून अधिक पूल वाहून गेले. लोकांस वाचविण्यासाठी सेनादलांस धावून यावे लागले.

अशा वेळी काठावरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हटकून निघते: "आमच्या चाळीस वर्षांत या ओट्यास पाणी लागले नव्हते." वाक्य खरे असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. चाळीस वर्षांत शून्य वेळा घडले, म्हणून घडण्याची शक्यता शून्य, असे होत नाही. या शून्याची गोष्ट ग्वाल्हेरातच सांगावी, हे शोभण्यासारखे आहे. तेथील किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. देवळास बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि रोज ५० फुलमाळा, असा त्यात उल्लेख असून, २७० व ५० यांतील शून्य आजच्यासारखेच वाटोळे कोरलेले आहे. शून्याच्या अतिप्राचीन नोंदींत त्याची गणना होते. त्याच शहरात २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक झळकाविले. तोवर ३९ वर्षे व सुमारे तीन हजार सामने झाले होते, आणि द्विशतकांच्या रकान्यात शून्य होते. रकाना शून्य होता. शक्यता शून्य नव्हती.

मग अशा शून्यावरून काय समजावे? संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट जितक्या वर्षांत एकदाही घडली नाही, त्या वर्षांच्या संख्येने तीनास भागावे. घडण्याची वार्षिक शक्यता तेवढी असली तरी नवल मानू नये. चाळीसांनी तीनास भागिले तर साडेसात टक्के येतात. म्हणजे चाळीस वर्षे कोरडा राहिलेला ओटा पुढील वर्षी पाण्याखाली जाण्याची शक्यता शंभरांत सातपर्यंत असू शकते. ती तेवढी आहेच असे नव्हे. पण ती नाही, असे म्हणण्यास चाळीस वर्षांचा पुरावा अपुरा पडतो. मग वर्षभरच उभ्या असलेल्या बांधकामाविषयी काय बोलावे? ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा धरण १९१६ साली उभे राहिले आणि पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले. पुढे ते पुन्हा बांधले गेले व आज ग्वाल्हेर शहर त्याचेच पाणी पिते.

तशीच गफलत "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" या शब्दांनी होते. गेल्या वर्षी आला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असे लोक समजतात. त्याचा खरा अर्थ असा की, दर वर्षी शंभरांत एक शक्यता. मग गेल्या वर्षी आला असो वा नसो. एक शक्यता किरकोळ वाटते. पण नदीकाठी घर बांधून त्यात तीस वर्षे राहावयाचे असेल, तर त्या काळात निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता शंभरांत २६ होते. म्हणजे अशा चार घरांपैकी एकाचा धोका. घर एका वर्षासाठी कोणी बांधीत नाही. म्हणून जागा पाहताना एका वर्षाचा नव्हे, घराच्या सबंध आयुष्याचा हिशेब धरावा. आणि जमीन स्वस्त आहे एवढ्यासाठी गरिबास पात्रात घर बांधू देणाऱ्या ग्रामपंचायतीनेही हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

शेवटी रोजच्या व्यवहाराचे एक उदाहरण. चंबळ-ग्वाल्हेरच्या बाजूस मोहरीचे पीक मोठे. कापलेली मोहरी खळ्यावर पडली आहे आणि "उद्या पावसाची शक्यता १० टक्के" असे सांगितले गेले. पुष्कळ जण म्हणतील, "नव्वद टक्के येणार नाही ना, मग झोपा." पण हिशेब करा. ताडपत्री व मजुरी मिळून ३०० रुपये लागतात; माल भिजला तर १५,००० रुपयांचे नुकसान. पंधरा हजारांचे दहा टक्के दीड हजार होतात. दीड हजारांचा धोका टाळण्यासाठी तीनशे खर्चणे हे शहाणपण होय. या उदाहरणात शक्यता दोन टक्क्यांहून अधिक असली की झाकणेच बरे. दोनांस पोचलीच नाही, तर खुशाल उघडे ठेवावे. म्हणजे नुसती शक्यता पाहून निर्णय होत नाही. खर्च किती आणि हानी किती, हेही तराजूत टाकावे लागते. माल झाकला आणि पाऊस आला नाही, तर तीनशे रुपये वाया गेले असे मनास लावून घेऊ नये, आणि शेजाऱ्याने झाकला नाही व तो बचावला, म्हणून त्यास शहाणा म्हणू नये. निर्णयाची पारख एका रात्रीच्या फळावरून करू नये.

आम्ही आपल्या शेतकरी बांधवांस एवढेच सुचवितो की, घरात एक साधी वही घालावी. एका बाजूस ऐकलेले भाकीत, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष झाले ते, असे तारीखवार लिहावे. "३० टक्के शक्यता" असे दहा वेळा सांगितले गेले आणि तीनएक वेळा पाऊस आला, तर सांगणारा विश्वासू समजावा. त्या सात कोरड्या दिवसांवरून त्यास लबाड ठरवू नये. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम आनंदाने करील, आणि दोन पावसाळ्यांत त्या घरास असे ज्ञान होईल की जे कोणत्याही पंचांगात मिळणार नाही.

कोणी विचारील, उद्याचा दिवस देवाच्या हाती असता हा खटाटोप कशास? ज्यास बुरूज बांधावयाचा आहे त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. उद्याचा दिवस आपल्या हाती नाही हे खरे. पण आज संध्याकाळी ताडपत्री घालावयाची की नाही आणि ओटा किती उंच बांधावयाचा, हे आपल्याच हाती दिलेले आहे.